गोऱ्यांच्या बारमधला पांढरा कोट

तुका, आपण मार्गासनी सोडली त्या सकाळी माझा बाप ओढ्यापर्यंत आला होता. "भावाभावानं जाताय, भावाभावानंच ऱ्हावा," एवढंच म्हणाला. नसरापुरापर्यंत आपण पायी गेलो, पुढं मोटारीनं पुण्याला.

कँपातल्या त्या बारमध्ये आधी मी लागलो, ग्लास धुवायला. गोऱ्या सोल्जरांचा बार. आपल्या माणसानं मागच्या दारानंच यायचं. शेठच्या हातापाया पडून तुलाही मीच आत घेतलं. दोन वर्षांत तू इंग्रजी बोलायला लागलास. पांढरा कोट चढवून काउंटरवर गेलास. मी मात्र मागंच, बर्फ फोडत. गोरे तुला नावानं हाक मारायचे. सुट्टीला गावी गेलो तर माझी आईसुद्धा आधी तुझीच खुशाली पुसायची. मला तुझा हेवा वाटायचा, तुका. चुलतभाऊ म्हणून हसायचो, एवढंच.

महायुद्धात बार गर्दीनं फुलून गेला. एकदा व्हिस्कीची अख्खी पेटी नाहीशी झाली. एका सार्जंटाला ती उचलताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेठनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुकारामनं नेली का रे?"

मी मान खाली घातली. तेवढं त्याला पुरलं.

तू कोट उतरवून माझ्या हातात दिलास. "तू तरी ऱ्हा हितं," म्हणालास, आणि गेलास.

कोट मला ढगळ झाला. काउंटर मिळाला, पण लढाई संपली आणि दोनेक वर्षांत गोरे गेले. त्यांच्या खुर्च्यांवर आपले साहेब येऊन बसले, तेही पुढच्या दारानं. मग दारूबंदी आली. शेठनं जागा विकली. आज तिथं कापडाचं दुकान आहे. मालकाला विचारलं तर म्हणतो, "बार? इथं कुठला बार?"

परवा गावी आलो तेव्हा तू खाचरात होतास. माझा बाप गेल्यापासून माझ्या आईला तूच सांभाळतोस. तिला आता दिसत नाही. उंबऱ्यात पावलं वाजली तशी म्हणाली, "तुका, आलास का रं?"

मी "व्हय" म्हणालो.

तिनं चाचपडत पुढ्यात भाकरी ठेवली. तुझ्या नावाची भाकरी मी खाल्ली आणि मला पुन्हा तुझाच हेवा वाटला. तू यायच्या आत निघालो. पेटीचं खरं तोंडानं सांगवलं नसतं, म्हणून लिहितोय.

माझं घर अजून मार्गासनीलाच आहे, तुका. फक्त त्या घरातला मुलगा तू आहेस.