कुजबुज ऐकू येईल इतकी शांत गाडी

बाबांच्या घशातली गाठ दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांचा आवाज आधीच गेलेला होता. पहिल्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्राचा बराचसा भाग काढला होता. उरली होती ती नुसती हवा, ओठांनी कशीबशी आकार दिलेली. घरात दारं लावून जवळ बसलं तर कळायची. भावाच्या गाडीत कळत नसे.

ती गाडी त्याने आवाजासाठीच घेतली होती. लहान, बुटकी, वेगाची. टायर रुंद, सायलेन्सर मोकळा. वजन कमी व्हावं म्हणून त्याने आतले गालिचे, डिकीतलं अस्तर, सगळं काढून टाकलं होतं. मानेसरच्या ज्या कारखान्यात तो नोकरी करतो तिथे गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनतात. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या शांत करायच्या आणि संध्याकाळी स्वतःच्या गाडीचा गडगडाट ऐकत गुरुग्रामला परतायचं, असं त्याचं चाललेलं असे. आई म्हणायची, "ही गाडी आली की सोसायटीतली कबुतरंसुद्धा राजीनामा देतात."

बाबांना किरणोपचारासाठी दिल्लीच्या रुग्णालयात रोज न्यावं लागे. भाऊ गाडी चालवायचा, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. आई यायची नाही. तिला रुग्णालयात भोवळ यायची. निघण्याआधी ती बाबांना समोर बसवून बुद्धवंदना घ्यायची. ती मोठ्याने म्हणायची, बाबा नुसते ओठ हलवायचे. मग ती विचारायची, "आता बरं व्हायचं ना?" आणि बाबा मान हलवायचे. रोज.

गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडली की बाबा बोलायला लागायचे. काहीतरी लांबलचक, समोरच्या काचेकडे बघत. इंजिन आणि टायर त्यातलं सगळं खाऊन टाकायचे. सिग्नलला गाडी थांबली की एखाददुसरा शब्द हाती लागायचा, "डॉक्टर" किंवा "तुझी आई", आणि हिरवा दिवा लागला की पुन्हा नुसते ओठ. थोड्या वेळाने ते खिडकीबाहेर बघू लागायचे.

त्यांना लिहायला आम्ही एक पाटी दिली होती. पाणी, पंखा, उशी, एवढंच ते तिच्यावर लिहायचे. मी एकदा पाटी पुढे केली आणि म्हटलं, "गाडीत जे सांगत होता ते लिहा ना." त्यांनी ती हळूच बाजूला सारली. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात आमचं लहानपण गेलं. बाबा तेव्हा मंत्रालयातून फायली घरी आणायचे आणि म्हणायचे, बोललेलं मागे घेता येतं, एकदा टिपणी लिहिली की ती आपली राहत नाही. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी ते त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं.

भावाने एकदा गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. "बोला बाबा, आता बोला." आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांनी मान हलवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं, उशीर होतोय. आम्हाला कळायला हवं होतं. अवघड गोष्ट बाबा नेहमी चालता चालता सांगायचे, तोंडाकडे न बघता. आजोबा गेल्याची बातमी त्यांनी मला भाजी आणायला जाताना सांगितली होती, हातातल्या पिशवीची नीट घडी करत. घरात आई होती. तिच्यासमोर ते बोलणार नव्हते. म्हणजे त्यांना चालती गाडीच हवी होती, आणि चालत्या गाडीत त्यांचा आवाज पोचत नव्हता.

शनिवार-रविवार उपचाराला सुट्टी असे. त्या शनिवारी भावाने तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी उघडली. सीटा काढल्या, दारांची अस्तरं काढली. काळ्या डांबरासारख्या चिकट रबराच्या जाड पट्ट्या, वरून चंदेरी, तो पत्र्यावर लावत होता आणि छोट्या रुळाने दाबून बसवत होता. आधी बोटाने टिचकी मारली तर पत्रा टणकन वाजायचा. पट्टी बसली की नुसतं थप. त्याच्या शर्यतीच्या नादातला एक मित्र बघायला आला होता. "भाई, रॉकेट का रिक्षा बना दिया," तो म्हणाला. "इतना वजन? अब तो इसे मैं साइकिल पे हरा दूँ."

"हरा दे," भाऊ म्हणाला. मान वर न करता.

सायलेन्सर जुना, कंपनीचा परत बसवला. मग तो मला शेजारी बसवून मानेसरच्या रस्त्याला घेऊन गेला. "ताई, बाबांसारखं वाच."

माझ्या पिशवीत पुस्तक होतंच. मी कुजबुजत वाचू लागले.

"नाही ऐकू येत यार," तो म्हणाला. "इंजिन गेलं, पण टायरची सळसळ आहे. कुजबुजही सळसळच असते ना, दोन्ही एकमेकांत मिसळतात." त्याने टायर बदलले, चाकांच्या वरच्या पोकळीत फोम भरला, दारांना स्वतःच्या कारखान्यातली दुहेरी पट्टी लावली. दर वेळी मला घेऊन जायचा आणि म्हणायचा, पुन्हा वाच. शेवटी रविवारी रात्री माझं पानभर वाचन त्याने मध्ये न थांबवता ऐकलं. मग म्हणाला, "चांगलं आहे पुस्तक." त्याला हसू येत होतं. मलाही आलं. आम्हाला वाटत होतं की बाबांना एखादी जुनी गोष्ट सांगायची असेल, गावाकडची, किंवा आईबद्दलची काही इच्छा असेल. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

सोमवारी निघालो. दार लागलं तेव्हा कानांवर हात ठेवल्यासारखं झालं. बाबांनी एकदा गाडीच्या छताकडे पाहिलं. टोलनाका मागे पडला. मग बाबा समोर बघत बोलू लागले, आणि प्रत्येक शब्द मागच्या सीटपर्यंत आला.

"मला आता हे नको. घास गिळवत नाही. रोज तिथे जाऊन पडायचं, ते थांबवा. घरी राहू द्या."

भावाने गिअर खाली टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. ती त्याची लहानपणापासूनची सवय आहे, रागावला की समोरचं ऐकू येऊ नये म्हणून गाणी मोठी लावायची, नळ सोडायचा. गाडीने उसळी घेतली, काटा वर गेला, माझी पाठ सीटला चिकटली. एवढ्यावर पूर्वी कानठळ्या बसल्या असत्या. आता कुठेतरी खाली, लांब, एक घरघर झाली, आणि तिच्यावरून बाबांचं पुढचं वाक्य स्पष्ट ऐकू आलं.

"तुझ्या आईला मी रोज मान हलवून फसवतोय."

भावाने पाय काढला. गाडी आपोआप मंदावली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला असावा. त्याचे दिवे दिसले, आवाज जेमतेम आला.

"बाबा, थोडेच दिवस राहिलेत," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते की..."

"बाई," ते म्हणाले, "ऐकलंस ना?"

मी हो म्हटलं.

"मग आईला तू सांग. माझ्याकडे तेवढा आवाज नाही."

त्या दिवशी आम्ही यंत्राच्या खोलीकडे गेलो नाही. डॉक्टरांसमोर बाबांच्या वतीने भाऊच बोलला, खुर्चीच्या पाठीला धरून. डॉक्टरांनी फार समजावलं नाही. गोळ्या लिहून दिल्या, दुखण्याच्या.

घरी आलो तेव्हा आई बाबांसाठी मुगाचं कढण गाळत होती. लवकर कसे आलात, तिने विचारलं. बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मी तिला सगळं सांगितलं. मान हलवण्याचं तेवढं सांगितलं नाही. तिने गाळणी खाली ठेवली नाही.

"त्यांचं बोलणं मलासुद्धा धड कळत नाही," ती म्हणाली. "त्यात ती तुमची गाडी. काहीतरी दुसरंच म्हणत असतील. तुला नीट ऐकू आलं का?"

भाऊ दारात उभा होता. तो माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हणाले असते तर उद्या पुन्हा रुग्णालयाला निघालो असतो, आणि त्याने काही म्हटलं नसतं.

"हो आई," मी म्हणाले. "नीट ऐकू आलं."