पुराव्याएवढेच शब्द

मालतीअक्कांची आणि माझी पहिली भेट एका रविवारी सकाळी जळगावला, मेहरूणमधल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर झाली. मी तेव्हा अमळनेरला तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि केळीवरच्या करपा रोगावर पीएच.डी. करत होतो. माझा पहिला शोधनिबंध वाचून मार्गदर्शक एवढेच म्हणाले होते, "शास्त्र ठीक आहे, इंग्रजी मालतीबाईंना दाखव." मालतीबाई म्हणजे प्रा. मालती बोरसे, जळगावच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या. खेड्यापाड्यांतून आलेल्या, शास्त्र शिकलेल्या, पण इंग्रजीत लिहायचे म्हटले की हातपाय गळणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी त्या दर रविवारी ओट्यावर सतरंजी टाकत. त्यांना बाई कुणी म्हणत नसे, सगळे अक्काच म्हणत.

अक्कांनी माझा निबंध मांडीवर घेतला, पेन्सिल उचलली आणि पहिल्याच पानावर थांबल्या. कडुनिंबाच्या अर्काने करपा बरा होतो हे या संशोधनाने 'प्रूव्ह' झाले आहे, असे मी ठोकून दिले होते.

"किती बागा पाहिल्यास भाऊ?"

"दोन."

"कुणाच्या?"

"दोन्ही मामांच्या."

"मामांच्या दोन बागांवरून साऱ्या जगाला औषध देतोस," त्या म्हणाल्या. "मामा बाकी खूश असतील."

सतरंजीवरचे सगळे हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. अक्कांच्या ते लक्षात आले असावे, कारण त्यांनी लगेच विचारले, "गाव कोणतं?" मी पिंपळनेरजवळचे माझे गाव सांगितले. "मग तुझ्या आईला हे कसं सांगशील? आपल्या बोलीत सांग." मी चाचरत म्हणालो, "निंबना रस मारा ते करपा कमी व्हयना आसं दिखस."

"दिखस ना? मग 'सजेस्ट' लिही. 'शे', म्हणजे आहेच, असं म्हणायची छाती होईल त्या दिवशी 'प्रूव्ह' लिही."

त्या ओट्याला चार पायऱ्या आहेत. अक्कांनी त्या इंग्रजीला देऊन टाकल्या होत्या. सर्वांत खालची 'मे', म्हणजे असेल बुवा. तिच्यावरची 'सजेस्ट'. तिसरी 'इंडिकेट' आणि सर्वांत वरची 'प्रूव्ह'. कुणी आपला निष्कर्ष वाचायला उभा राहिला की अक्का म्हणत, "आधी पायरी सांग." मग त्या बिचाऱ्याने आपल्या खात्रीच्या पायरीवर जाऊन उभे राहायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून त्याला खाली उतरवायचे. रसायनशास्त्राचे गडी तिसरीवरून दुसरीवर यायचे, आम्ही वनस्पतीवाले बहुधा खालीच असायचो. वरच्या पायरीवर कुणी टिकल्याचे मला आठवत नाही. तिथे अक्कांच्या चपला असत.

त्यांचे म्हणणे असे की सावधपणाने बोलणे इंग्रजांनी शोधून काढलेले नाही. पाऊस येईल का, असे विचारले तर आपली आई 'ई बहुतेक' म्हणते, 'येणारच' म्हणत नाही. तोच सावधपणा आम्ही कोट घालून इंग्रजीत लिहायला बसलो की घरी विसरतो. हे त्यांनी मला ज्या शब्दांत ऐकवले ते त्यांच्या या गौरवग्रंथात छापण्याजोगे नाहीत.

या शिकवणीचे मोल काही जणांना फार उशिरा कळले, काहींना कळले नाही. पिकांची औषधे विकणारे एक गृहस्थ एकदा मिठाईचा मोठा पुडा घेऊन ओट्यावर आले. त्यांच्या औषधाने रोग हमखास जातो, असे चार ओळी इंग्रजीत लिहून द्या, बाईंच्या नावाला वजन आहे, असे त्यांचे म्हणणे. अक्कांनी पुडा उघडला, एक पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "पेढे चांगले आहेत हे मी लगेच लिहून देते, पुरावा तोंडात आहे. औषधाचं मात्र जमायचं नाही." गृहस्थ आधी वरमले, मग तेही हसले आणि पुडा आमच्यासाठी ठेवून गेले. अक्कांनी कुणाचा अपमान केलेला मी पाहिला नाही आणि कुणासाठी एक शब्द वाढवलेलाही पाहिला नाही.

दुसरा त्यांचा आग्रह 'लिमिटेशन्स'चा. आपल्या कामात काय राहून गेले, कशाची खात्री नाही, हे सांगणारा परिच्छेद असल्याशिवाय त्या निबंध हातात घेत नसत. हा परिच्छेद आम्ही चोरट्यासारखा दोन ओळींत उरकायचो. त्या म्हणत, "माणूस किती खरा आहे ते इथं कळतं. बाकी सगळं नटणं."

माझ्या तोंडी परीक्षेला आई गावाहून आली होती. धुळ्याला एसटी बदलून, डब्यात कळण्याच्या भाकरी बांधून. सभागृहात सगळे इंग्रजी. अक्का पुढच्या रांगेतल्या मानाच्या खुर्चीवरून उठल्या आणि मागे आईशेजारी जाऊन बसल्या. परीक्षक काय विचारतात आणि मी काय म्हणतो ते त्या तिला हळूहळू सांगत होत्या. एका प्रश्नाला मी "आय डोन्ट नो" म्हणालो आणि गप्प झालो. आईने घाबरून विचारले, "पोऱ्या अडकना का वं?" अक्का म्हणाल्या, "नही माय. 'माले माहीत नही' म्हने तो. आठे आसं सांगाले छाती लागस." आई अजून ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगते. प्रबंध कशावर होता ते तिला विचारू नये.

आपला हा नियम अक्का एका ठिकाणी मात्र स्वतःच मोडत, आणि ते मला सर्वांत जास्त आवडते. प्रबंधातल्या प्रत्येक पानावर त्यांची पेन्सिल चाले, पण ऋणनिर्देशाच्या पानावर कधीच नाही. माझ्या त्या पानावर मी लिहिले होते की माझी आई जगातली सर्वांत थोर स्त्री आहे. लिहून झाल्यावर मलाच धास्ती वाटली. मी विचारले, "अक्का, इथे 'मे बी' लावू का?" त्यांनी चष्मा काढला. "नाही. हे पान पुराव्याचं नाही. इथं मन म्हणेल तेवढं लिहायचं, मी पेन्सिल लावणार नाही." त्या पानावरच्या माझ्या इंग्रजीच्या चुकाही त्यांनी तशाच राहू दिल्या. त्या आजही ग्रंथालयात सुखाने नांदत आहेत.

आता मला जे लिहायचे आहे ते मी बरेच दिवस टाळत होतो.

यंदा पावसाळा सरता सरता अक्का थकल्यासारख्या दिसू लागल्या. तपासण्या झाल्या. पहिला रिपोर्ट आला तेव्हा मी धुळ्याहून, माझ्या आताच्या नोकरीच्या गावाहून, मुद्दाम गेलो होतो. त्यांचे चिरंजीव शिरीष यांनी तो माझ्या हातात दिला. त्यात एका वाईट आजाराचे नाव होते, पण त्याच्या आधी 'सजेस्टिव्ह' हा शब्द होता. मी तो शब्द बुडत्याने काडी धरावी तसा धरला. "अक्का, सजेस्टिव्ह म्हटलंय. खात्री नाही त्यांची." अक्का दुसऱ्या पायरीवर जाऊन बसल्या. "बरोबर आहे तुझं. अजून इथंच आहोत," म्हणाल्या. त्या रविवारी ओट्यावर जमलेले आम्ही सारे, संशोधन करून डोक्याचे केस गेलेले लोक, त्या एका शब्दावर जगत होतो. ज्या शब्दाला आम्ही वर्षानुवर्षे लेचापेचा म्हणून नाके मुरडली, तो आता कुणी काढून घेऊ नये, असे वाटत होते.

दुसऱ्या रिपोर्टात तो शब्द नव्हता, नुसते आजाराचे नाव होते. अक्कांनी कागद शांतपणे वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "नीट लिहिलंय. एक शब्द जास्त नाही." मग त्या भिंतीला धरून उठल्या, वरच्या पायरीवरच्या चपला बाजूला सरकवल्या आणि तिथे बसल्या. शिरीष आत निघून गेले. मी अंगणातल्या जास्वंदीकडे पाहत राहिलो, कारण अक्कांकडे पाहणे मला शक्य नव्हते.

पंचाहत्तरीचा हा ग्रंथ काढायचे आम्ही त्याआधीच ठरवले होते. आता करावे की न करावे, अशा विचाराने मी त्यांना भेटलो, तर त्यांनी दोन अटी घातल्या. "आजार लपवायचा नाही. 'लिमिटेशन्स' नसलेला लेख मी वाचणार नाही." हे मी कबूल केले. "आणि शेवटी 'शतायुषी व्हा' लिहायचं नाही. पुरावा उलट बाजूचा आहे."

मला राग आला. आजाराचा, त्या अटीचा आणि अक्कांच्या शांतपणाचाही. मी म्हणालो, "अक्का, मग गौरवलेख संपवू कसा?" त्या म्हणाल्या, "ते तू शोध. संशोधक ना तू?"

तर या लेखाच्या मर्यादा अशा. हा लेख एकाच विद्यार्थ्याच्या अनुभवावर आधारलेला आहे. लेखक तटस्थ नाही. अक्कांनी किती जणांना उभे केले याची मोजदाद त्याच्याकडे नाही. मेहरूणच्या ओट्याखेरीज रविवार कुठे घालवायचा असतो, हे त्याला ठाऊक नाही. आणि डॉक्टर जे सांगतात ते त्याला कळते, पण मान्य होत नाही. ही शेवटची मर्यादा गंभीर आहे आणि ती दूर करण्याचा लेखकाचा विचार नाही.

शेवट शोधायला मला बरेच दिवस लागले. तो माझ्याच कपाटात, माझ्या प्रबंधात होता. अक्का, हा लेख म्हणजे निबंध नव्हे, हे ऋणनिर्देशाचे पान आहे. या पानाला पुरावा लागत नाही आणि याला तुम्ही पेन्सिल लावत नाही, हा तुमचाच नियम. तो तुम्हाला आता बदलता येणार नाही.

म्हणून मन म्हणते तेवढे लिहितो. अक्का, शतायुषी व्हा. बऱ्या व्हा. या थंडीत आम्ही सगळे भरीत खायला येणार आहोत, आई गावाहून कळण्याच्या भाकरी घेऊन येणार आहे. आम्ही येऊ तेव्हा त्या वरच्या पायरीवरून खाली या, सतरंजीवर आमच्यात बसा, आणि तिथे पुन्हा तुमच्या चपला असू द्या.