माथ्यावर रेंज येते

काष्टीहून निघालो त्या दिवशी अप्पा, म्हणजे माझे वडील, दौंड स्टेशनपर्यंत आले होते. बॅग त्यांनीच उचलली, मला हात लावू दिला नाही. गाडी हलली तसे खिडकीशी आले आणि म्हणाले, "जेवत जा येळेवर." एवढंच. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, त्यात थेट इंग्लंडला नोकरी. मला वाटलं होतं, अजून काहीतरी बोलतील.

त्याला सहा वर्षं झाली. इथं मी एका खेड्यात राहायला होतो, डोंगरांच्या खोलगटात. दगडी घरं, ओढा, सगळीकडं हिरवं. फोटो पाठवला की गावाकडचे म्हणायचे, "लई नशीब काढलं गड्या." फोटोत एक गोष्ट दिसत नव्हती. तिथं मोबाईलला रेंज नव्हती. घरात वायफाय, तेही वारा सुटला की जायचं.

रविवारी शेजारच्या पीटरबरोबर सायकल चालवायची. रिटायर्ड पोस्टमन, सत्तरीचा गडी. पलीकडच्या दरीत एक चढ आहे, जेमतेम दीड किलोमीटरचा, पण छाती फोडणारा. मी तिथं कायम खाली उतरायचो. अप्पा सायकलला दुधाचे कॅन लावून डेअरीला जायचे. चढ आला की उतरायचं, हँडल धरून चालायचं, ही त्यांची शिस्त माझ्याही पायात बसलेली. पीटर चिडवायचा, "काय, सायकलला फिरायला आणलंयस?"

मागच्या मे महिन्यात त्या चढाच्या पायथ्याशीच फोन वाजला. पीटर पुढं निघून गेला होता. फोन धाकट्या बहिणीचा, सुमनचा. "दादा, अप्पांना जरा बरं न्हाई. नगरला आनलंय. तू..." आणि कट. रेंजची एकच काडी होती, तीही गेली.

पीटर म्हणाला असता, जरा बरं नाही, एवढंच ना? पण आपल्याकडं माणूस गेला की लांबच्याला तसं सांगत नाहीत. "जरा बरं न्हाई, निघून ये," म्हणतात. वाटेत त्याला काही होऊ नये म्हणून. चुलते वारले तेव्हा पुण्याच्या चुलतभावाला तो फोन मीच केला होता. तो आला, दारात बसलेली माणसं बघितली आणि एकदाच माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

घरी परत फिरावं तर पाऊण तास. माथा समोर होता आणि माथ्यावर रेंज येते. उतरायचं सुचलंच नाही, पायडल मारत सुटलो. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या फुलांची कुंपणं, मेंढ्या, खाली दरी. लोक हे बघायला लांबून येतात. मला चाकापुढचं हातभर डांबर दिसत होतं. आज तिकीट मिळेल का? मी पोचेपर्यंत ठेवतील का? मग स्वतःचीच लाज वाटली. बाप गेला असं मी धरूनच चाललो होतो.

वर पीटर टाळ्या वाजवत उभा. "चढलास की रे शेवटी!" मी सायकल गवतात टाकली आणि फोन लावला.

"सुमे, खरं सांग. अप्पा हायेत का?"

"आरं हायेत की! च्या पित्यात. बारका ॲटॅक आल्ता. परवा स्प्रिंग टाकली."

"परवा? आन् मला आज सांगती?"

"अप्पाच म्हनले, त्यो तिकडं एकला, कशाला घोर लावता."

मागून अप्पांचा आवाज आला, "धापा का टाकतोय त्यो? म्हनावं, तुजीबी छाती तपासून घे."

मी हसलो, आणि हसता हसता रडायलाच लागलो. पीटर पाठ फिरवून मेंढ्यांकडं बघत राहिला.

नंतर सुमनला बजावलं, "इथून पुढं जे असंल तेच सांगायचं. गेलं तर गेलं म्हनायचं." ती म्हणाली, "तसं तोंडातून निघत न्हाई रे दादा."

तिचंही खरंय. म्हणून भीती काही संपलेली नाही. अप्पा आता हिंडतात फिरतात, पण ती "बरं हाय" म्हणाली की मी दुसऱ्यांदा विचारतो.

घर काष्टीचं, इथलं नुसतं भाड्याचं, असं मी सहा वर्षं म्हणत आलो. गेल्या महिन्यात खोलगटातली जागा सोडायची ठरवली. एजंटबाई नवी जागा दाखवत होत्या. बाग, फायरप्लेस, ऊन येणारं स्वयंपाकघर. मी फोन हातात धरून खोलीखोलीत फिरत होतो. वरच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, चार काड्या आल्या.

बाग बघायची राहिली होती. मी म्हणालो, "हे घेतो."