अंगठा आणि आठ काडतुसं

ऑरिन,

तुझी काडतुसांची क्लिप अजून माझ्या गाडीच्या खणात आहे. प्रत्येक वळणावर वाजते. तू गेलास त्याला दोन वर्षं झाली, आता मला ऐकवत नाही.

सलामीच्या पथकात बाई नको, असं माजी सैनिकांच्या हॉलमधले सगळे म्हणत होते. पण जुन्या सैनिकांना पुरताना सात रायफली लागतात आणि डोळे अधू झालेला तू वगळता चालती माणसं उरली होती सहा. म्हणून तू मला हॉलमागच्या टेबलावर शिकवायला बसलास.

"आठ काडतुसं, एक क्लिप. अर्धी संपली तर वरून भर घालता येत नाही. उरलेली काढून टाकायची, नवी खुपसायची."

"हा कुठला शहाणपणा?"

"सरकारला विचार, मास्तरीणबाई. बोल्टची दांडी तळहाताच्या कडेने अडवून धर. अंगठ्याने क्लिप दाब. बसली की अंगठा बाहेर! विचार केलास तर गेला."

मी विचार केला. जन्मभर मुलांना तेच शिकवलं होतं. बोल्ट पुढे झेपावला आणि नख काळंनिळं झालं. बाकीचे खिदळले. तू मात्र पांढरा पडलास. माझा अंगठा बर्फात धरून तू युद्धाबद्दल बोललास, साठ वर्षांत पहिल्यांदा.

कोरियात, एका गोठलेल्या टेकडीवर, आदल्या दिवशी रायफलीने तुझाही अंगठा असाच चावला होता. त्या दिवशी रायफलीत तीन काडतुसं उरली होती. तुझा सोबती लव्हर्न म्हणाला, "भरून घे आणि गोळीबार चालू ठेव, मी पलीकडच्या खड्ड्यात पळतो." तू ती तीन काढून टाकलीस, नवी क्लिप टेकवलीस, आणि सुजलेला अंगठा पुढे जाईना.

"दोन श्वास, बस. लव्हर्न उघड्यावर होता, तेवढ्यात गेला. त्याच्या बहिणीला मी लिहिलं की रायफल गोठली."

शेवटच्या गोळीबरोबर रिकामी क्लिप टणकन उडते. माझ्या स्वयंपाकघरात चमचा पडला की तू कॉफी सोडून उभा राहायचास आणि खिशात पुढची क्लिप चाचपायचास. मला वाटायचं, म्हातारा चळला.

"मला डेकोराला ने," म्हणालास. "डोळे अधू झाले, नाहीतर मीच गेलो असतो. लव्हर्नची बहीण आर्डिस तिथे राहते, तिच्या हातात ही क्लिप ठेवून खरं सांगायचंय. ती जिवंत आहे तोवर."

नदी ओलांडून दीड तासाचा रस्ता. आधी चर्चची गोड पदार्थांची विक्री आली, मग बर्फ, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सबबी सगळ्या खऱ्या होत्या. आर्डिस ते ऐकताना तिचं तोंड मला बघायचं नव्हतं, हेही खरं. मार्चमध्ये तू मेलास.

तुझ्या थडग्याशी हुकूम झाला, "भरा." मी क्लिप टेकवली. अंगठा पुढे जाईना. सहाच बार झाले. सातव्याची जागा रिकामी गेली, आणि सगळ्यांनी ती ऐकली.

नंतर काठी टेकत एक बाई आली. नाकावरून, कपाळावरून तुझ्या पाकिटातल्या फोटोमधला लव्हर्नच.

"मी आर्डिस," ती म्हणाली. तिने माझा हात हातात घेतला. "वाईट वाटून घेऊ नका हो. रायफल गोठली असेल. ऑरिनचीही गोठली होती, बिचाऱ्याची."

गाडी वीस पावलांवर होती. खणात क्लिप होती.

मी म्हणाले, "हो. थंडी फार आहे."