पाचवं केळं

नवऱ्याला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि सांगताना हसू येतंय, तेही लपवत नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी आणि माझी मैत्रीण लता परीक्षेसाठी चित्रकलेच्या बाईंच्या घरी स्थिरचित्र शिकायला जायचो. काय दिवस होते ते! तांब्या, दोन वांगी, एक फडकं — एवढ्यावर दुपार सरायची. हात नंतर, आधी डोळा, असं बाई म्हणायच्या. तांब्याच्या पोटात अख्खी खिडकी दिसते हे कळलं, आणि आम्ही भर बाजारातही थांबून थांबून बघायला लागलो. लताचा डोळा माझ्याहून तेज. मला ते खुपायचं का? — हो, जरा.

एकदा नांदेडहून मामा केळी घेऊन आले. आईने पाच केळ्यांची फणी चित्रासाठी दिली. ती तांब्याशेजारी मांडून आम्ही दोघींनी पेन्सिलीने रेखाटली. बाई आतल्या खोलीत निजल्या होत्या. तेवढ्यात टँकर आला, आणि बाईंची घागर घेऊन लता पळाली.

खोलीत मी आणि केळी. कसा घमघमाट सुटला होता, काय सांगू! — मी एक तोडलं. खाल्लं. तसं केळं पुन्हा कधी खाल्लं नाही. साल खिडकीबाहेरच्या शेळीने संपवली.

इथवर गंमतच आहे, नाही? पण मग मी तुटल्या देठावर फडकं ओढलं. आणि माझ्या कागदावरचं पाचवं केळं खोडून टाकलं.

लता परतली तोवर बाई उठल्या होत्या. त्यांनी दोन्ही कागद पाहिले.

"लता, केळी चार हाईत. मनातलं काढू नको, समोरचं काढ."

लताने फणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाच होती ना गं?"

"चारच हाईत की," मी म्हणाले.

खरं बोलले असते तर बाई रागावल्या असत्या? छे, हसल्या असत्या. मग का नाही बोलले? — बाईंनी मला शाब्बास म्हटलं होतं. लतापेक्षा माझा डोळा खरा ठरला होता, आणि ते केळ्याहून गोड लागलं.

लताने पाचवं केळं खोडलं. त्यानंतर रंग भरण्याआधी ती मला विचारायची, "बघ गं, मला दिसतंय ते बरोबर हाय ना?" मी तोऱ्यात सांगायचे. दोघी पास झालो, बाईंनी पेढे वाटले, आमची मैत्री आजही तशीच घट्ट आहे.

मागल्या वर्षी माझ्या नातीच्या बारशाला लताने हा किस्सा सगळ्या बायकांना सांगितला — "माझे डोळेच असले, चाराची पाच दिसायची मला!" बायका खदखदून हसल्या. मीही हसले, पोट धरून.

केळी पाचच होती. तिला बरोबर दिसलं होतं.