श्यामकांतांचं पॉलीहाऊस

खरवईतले आमचे शेजारी श्यामकांत अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी विभागाचे अधिकारी. तीनदा तपासल्याशिवाय ते काहीच मान्य करत नसत. लग्नाला त्यांनी पाचव्या महिन्यात होकार कळवला, असं त्यांच्या पत्नी मालिनीवहिनी सांगत. श्यामकांतांच्या मते तेव्हा जरा घाईच झाली असावी.

१९९४ साली एका कृषी प्रदर्शनात त्यांनी पॉलीहाऊस पाहिलं. लोखंडी कमानींवर ताणलेलं प्लॅस्टिक आणि आत ढोबळी मिरची. तसंच घरी उभारायचं त्यांच्या मनात आलं. परसात तेवढ्या उन्हाची जागा एकच होती आणि तिथे उन्हाळाभर वहिनींचं वाळवण पडे. पापड, कुरडया, सांडगे. घरचे, दोन नणंदांचे आणि लेकीचेसुद्धा. घर कौलारू, त्यामुळे गच्चीचा प्रश्नच नव्हता. मग वाळवण कुठे घालायचं, असं वहिनींनी विचारलं. तो मुद्दा विचाराधीन असल्याचं त्यांना सांगण्यात आलं.

विचार चार महिने चालला. उल्हासनगरच्या व्यापाऱ्याने "साईं, दस साल हिलेगा नहीं" असं सांगून प्लॅस्टिक गळ्यात मारलं. बांबूच्या कामट्यांवर ते ताणून श्यामकांतांनी त्याच जागेच्या एका कोपऱ्यात नमुन्याचं खोपटं उभं केलं आणि आत तापमापक टांगला. रोज सकाळी सव्वासहाला, कामावर निघण्यापूर्वी, ते वाकून आत जात आणि आकडा वहीत लिहीत. रविवारीही सव्वासहालाच, कारण वेळ बदलली की नोंद बिघडते. डिसेंबर ते मार्च सरासरी निघाली एकोणीस अंश. मिरचीने माहेरपणाला यावं असं हवामान. नोंदी इतक्या सुबक होत्या की मीही मान डोलावली. त्यानंतर आठवडाभर वहिनींनी मला चहा विचारला नाही.

एप्रिलमध्ये कमानींची ऑर्डर द्यायचं ठरलं. तेव्हा वहिनींनी एकच अट घातली.

"येत्या रविवारी भर बारा वाजता आत बसून दाखवा. मिरची बसणारच आहे ना?"

तर्क बिनतोड होता. रविवारी बाराला श्यामकांत वही घेऊन आत शिरले. पाच मिनिटांत बाहेर आले तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता आणि चष्म्यावर वाफ होती.

"पारा पन्नासला टेकलाय. पुढे आकडेच नाहीत," ते म्हणाले.

"लिहा वहीत," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. हा आकडा सरासरीत धरावा की अपवाद म्हणून सोडावा, यावर ते माझ्याशी अर्धा तास बोलले. सूर्य रोजच बाराला डोक्यावर येतो, हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सुचवलं. अखेर संध्याकाळी निर्णय जाहीर झाला: जागा अयोग्य. नोंदींत दोष नव्हता, पद्धतीत तर नव्हताच. जागाच तेवढी चुकली होती.

पुढच्या रविवारी त्या अयोग्य जागेत वहिनींनी जुनी साडी अंथरून कुरडया घातल्या आणि अधिकारीसाहेबांच्या हातात काठी देऊन त्यांना कावळे हाकलायला बसवलं.