मराठी एक, इंग्रजी नऊ

मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांत घोटाळा होतो, हे पहिलीला शिकवलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पोरं पाटीवर एक काढतात आणि इंग्रजीच्या तासाला त्यालाच नऊ म्हणतात. तो घोटाळा सोडवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. मुरबाडजवळच्या एका कॉलेजच्या फाटकाशेजारी भिंतीवर एका पेंटरने तोच घोटाळा केला, तोही ऑइलपेंटने. त्यामुळे आमच्या आळीतल्या गिरजाच्या घरातला फोन वाजायला लागला.

झालं होतं ते असं. कॉलेजने मुलांसाठी मदत कक्ष काढला. कुणाला कसली भीती वाटत असेल, मन लागत नसेल, कुणी त्रास देत असेल, तर या नंबरावर बोला, नाव कुणाला कळणार नाही, असा फलक रंगवायचा ठरला. ऑफिसातल्या क्लार्कने नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. आमच्याकडे पुष्कळ जण लिहितात तसा, अर्धे आकडे मराठी, अर्धे इंग्रजी. शेवटून दुसरा मराठी एक होता. पेंटरने नऊ रंगवला. तो नंबर गिरजाचा निघाला.

गिरजा म्हसा गावाच्या अलीकडे, आमच्या गावात, माझ्यापासून तिसऱ्या घरात राहते. वय पंचावन्नच्या आसपास. तिचा नवरा गणू तीन वर्षांपूर्वी खळ्यावर भात झोडताना पडला आणि त्याचं उजवं अंग लुळं पडलं. वाचाही गेली. लोखंडी खाटेवर असतो. काही हवं झालं की डाव्या हाताने स्टीलचा पेला खाटेच्या दांड्यावर वाजवतो. तो आवाज जिथवर ऐकू येतो तिथवर गिरजा जाते. एका बाजूला बोअरिंगच्या पंपापर्यंत, दुसऱ्या बाजूला गोठ्याच्या मागच्या कुडापर्यंत. वारा असला तर पंपापर्यंतही नाही. म्हशाची जत्रा घरापासून चालत अर्ध्या तासावर भरते, लोक नगर-नाशिकहून बैल घेऊन येतात. गिरजाने तीन वर्षांत ती पाहिलेली नाही. मुलगा अक्षय कल्याणला कंपनीत आहे, शनिवारी येतो. त्या दिवशी ती जरा लांब जाऊ शकते, तर म्हणते, "आता लांब जाऊन करू काय? पाय इसरले."

जुलैत फोन सुरू झाले. पहिले पंधरा दिवस गंमतच होती.

"हॅलो, मदत कक्ष का? स्कॉलरशिपचा फॉर्म कधी भरायचा?"

"फॉर्म नाय रं बाळा. हे घर हाय, म्हशाकडचं."

"मग मॅडमना द्या ना."

"मॅडम शेण काढतेय."

आळीत बायका चिडवायच्या, "गिरजा कॉलेजात लागली गो." अक्षय वैतागला. "आई, तू काय प्रोफेसर झालीस? ब्लॉक कर एकेकाला."

"ब्लॉक म्हंजे?"

"म्हंजे परत वाजणार नाय."

"मग दिवसभर मी आनी तुझा बाप, तोंडाकडं बघत बसू एकमेकांच्या?"

गिरजा फोन घेत राहिली. चुकीचा नंबर आहे, एवढं सांगायची आणि ठेवायची. एसटीची वेळ कुणी विचारली तर तेवढी सांगायची, कारण ती तिला पाठ होती.

ऑगस्टमध्ये एका दुपारी दीडच्या सुमाराला एका मुलीचा फोन आला. गिरजाने नेहमीसारखं सांगितलं, पोरी, नंबर चुकला. पलीकडून ठेवला गेला नाही. श्वास ऐकू येत होता. गिरजाने विचारलं, "जेवलीस का?" मुलगी म्हणाली, "नाय." तिथून ते सुरू झालं.

त्या मुलीचं नाव दामिनी, हे मला फार नंतर कळलं. टोकावड्याच्या वर डोंगरात तिचं गाव. दहा-पंधरा घरं. बारावीपर्यंत आश्रमशाळेत, सगळं मराठीत. गावातून कॉलेजला गेलेली ती पहिली. मुलींच्या होस्टेलात राहायची. पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला उभं करून इंग्रजी उतारा वाचायला सांगितला. दोन शब्दांनंतर तिचा आवाज बसला. मुलं हसली, तीही वाईट मनाने नाही, पण हसली. तेव्हापासून वर्गाच्या दारात गेली की तिची छाती दडपायची, हाताला घाम सुटायचा. मग ती रोज सकाळी होस्टेलातून कॉलेजला जायची आणि जिन्याखाली, टाकीच्या आडोशाला बसून राहायची. चार वाजता सगळ्यांबरोबर परत यायची. वर्गात जाववत नव्हतं. घरी जायची सोय नव्हती, कारण घरी गेली की बाप म्हणणार, जमत नाही ना, मग राहा. हजेरी कमी भरली की कॉलेज घरी कळवतं, तेही तिला ठाऊक होतं.

हे तिने एका दिवसात सांगितलं नाही. गिरजानेही उकरून विचारलं नाही. सल्ला द्यायला तिच्याकडे होता तरी कुठला? रोज दीडला फोन यायचा. काय खाल्लंस, पाणी आलं का होस्टेलला, पूजा बोलते का आज. पूजा ही खोलीतली मैत्रीण. एके दिवशी गिरजा म्हणाली, "ते काय वाचायला सांगितलं होतं तुला, ते मला वाचून दाखव."

"काकी, इंग्रजी हाय ते."

"असू दे की. चुकलीस तर मला काय कळतंय?"

आणि ती मुलगी वाचायला लागली. मी त्यांच्या ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसले होते, तेव्हा एकदा कानावर आलं. जुन्या फोनचा आवाज मोठा असतो. ती वाचत होती आणि चुकत होती. माझा हात आपोआप वर झाला, सवयीने, थांबवून दुरुस्त करायला. गिरजाने डोळे मोठे करून मला गप्प बसवलं. मुलीने पान संपवलं. गिरजा म्हणाली, "बरं झालं. उद्या फुडचं." मी नंतर विचारलं, कोण गं ही? "हाय एक वाचणारी," एवढंच सांगितलं.

नाव न सांगण्याचं कारण होतं. दामिनीने तिच्याकडून शपथ घेतली होती. कॉलेजात कळता कामा नये, घरी तर नाहीच. "तुमच्या मालकांची शपथ घ्या, काकी." आमच्याकडच्या बायका इतर शपथा सहज घेतात, ही घेत नाहीत. त्या मुलीला माहीत नव्हतं की मालक हातभर अंतरावर खाटेवर पडलेले आहेत. गिरजाने तिला ते कधी सांगितलं नव्हतं. तिने गणूच्या कपाळावर हात ठेवला आणि शपथ घेतली.

ऑक्टोबरमध्ये दामिनी दोनदा वर्गात जाऊन बसली. शेवटच्या बाकावर, दाराजवळ. गिरजाने त्यातल्या पहिल्या दिवशी मला उगाच चहाला बोलावलं होतं, ते का ते आता लक्षात येतं. मग दिवाळीनंतर परीक्षा आली. दामिनीने पेपर कोरा दिला. कमी हजेरीची यादी तयार झाली, घरी पत्रं जाणार असं नोटीस बोर्डावर लागलं.

डिसेंबरातल्या एका सोमवारी तिचा फोन आला. आवाज शांत होता. गिरजा म्हणते, तेवढी शांत ती कधीच नव्हती. "काकी, माझी पत्र्याची पेटी नवीन हाय. कुनाला द्यावी?"

"का गो? तुला नको?"

"नको. सेटर पूजाला दिला. तिला बसला."

"थंडीचं तू काय घालशील मग?"

"बघू."

"उद्या फोन कर हां. दीडला."

"बघू, काकी."

मंगळवारी दीड वाजला, दोन वाजले. गिरजाने स्वतः लावला तर बंद. बुधवारी सकाळीही बंद. जायचं म्हटलं तर कसं जायचं? मुरबाडला जाऊन यायला चार तास हवेत आणि गणूला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी त्या दिवशी धसईला भाचीकडे होते. अक्षयला फोन केला, तो लागला नाही. ती पंपापर्यंत गेली आणि परत आली. पुन्हा गेली आणि परत आली.

त्याच बुधवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. कॉलेजचा मदत कक्ष बघणाऱ्या मनस्वी मॅडम. आदल्या शनिवारी अक्षय कॉलेजात जाऊन भांडून आला होता की आमच्या आईचा नंबर भिंतीवरून पुसा. तेव्हा कुठे कॉलेजला चूक कळली. कक्षाचा खरा फोन मनस्वी मॅडमच्या ड्रॉवरात होता. तो पाच महिने एकदाही वाजला नव्हता आणि कॉलेजने अहवालात लिहिलं होतं की एकही तक्रार नाही. मॅडम माफी मागायला आल्या होत्या. तिशीच्या, साध्या, खरोखर खजील झालेल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी काळजी वाटण्यासारखं बोललं होतं का, काकी? नाव सांगाल?"

गिरजा उठून खाटेपाशी गेली. गणूला कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली, कपाळावरचे केस मागे सारले. "मी शपथ मोडतेय," ती त्याला म्हणाली. "तुमची हाय." गणू तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं की नाही, हे ती आजही सांगू शकत नाही. मग वळून तिने मॅडमना नाव सांगितलं.

मॅडमनी तिथूनच होस्टेलला फोन लावला. दामिनी खोलीत एकटीच सापडली, पूजा गावी गेलेली, आतून कडी लावलेली. दोन दिवस पोटात काही नव्हतं. वेळेवर सापडली, एवढंच लिहिते. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं, औषध दिलं, नीट बोलले. मग नियमाप्रमाणे कॉलेजने वडिलांना बोलावलं, एका कागदावर अंगठा घेतला आणि मुलीला त्यांच्या स्वाधीन केलं. त्यात कुणी चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण तिला ज्याची भीती होती, तेच झालं.

गिरजा महिनाभर गणूकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. खोकला तरी धावायची. त्याने जेवण कमी केलं की माझ्याकडे यायची, "बाई, जरा बघता का, रंग उतरलाय का त्यांचा?" रंग होता तसाच होता. भिंतीवर नवा नंबर रंगला. दीड वाजता आता कुणाचा फोन येत नव्हता. जत्रा संपल्यावर एक दिवस ती म्हणाली, "मला जाता येत नाय. तुमी जाल का वर? नुसतं बघून या."

मी गेले. टोकावड्यापर्यंत एसटी, पुढे जीप, मग तासभर चढ. दामिनीचे वडील लडकू अंगणात पेंढ्याच्या गंजीला टेकून बसले होते. वाळके, कमी बोलणारे. मला पाणी दिलं, खाली घोंगडी अंथरली. म्हणाले, "पोर परत भेटली, बाई. आता नाय धाडत." मनस्वी मॅडम एकदा येऊन गेल्या होत्या. घरून परीक्षा देण्याचा फॉर्म ठेवून गेल्या होत्या. तो वळचणीला खोचलेला होता. "अंगठा देईन म्हंतो," लडकू म्हणाले. "बघू." मुलीने तो 'बघू' शब्द कुठून उचलला, ते मला कळलं.

दामिनी शेंगा तोडून टोपलीत टाकत होती. मी कुणाकडून आले ते सांगितलं. तिचा हात थांबला.

"त्यांनी शपथ मोडली. मालकांची होती."

"हो."

"ते बरे हायत ना?"

तेव्हा मी सांगितलं. गणू कसा आहे, किती वर्षं, खाट, पेला, पंपापर्यंतची वाट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला कधी बोलल्या नाय त्या. मी आपली माझंच सांगायची." टोपली उचलून ती आत गेली. मी निघताना दारात आली. "त्यांना सांगा, मी बोलनार नाय त्यांच्याशी. कधीच नाय." ओठ घट्ट मिटलेले होते.

संध्याकाळी गिरजा गोठ्याच्या कुडाशी उभी होती. मी आणलेला निरोप घोटून गोड करण्याचा विचार वाटेत करून झाला होता. पण तिच्या तोंडाकडे बघून जसाच्या तसा सांगितला.

"रागानं म्हनाली? का पडल्या आवाजात?"

"रागानं."

"डोक्याला तेल होतं?"

मी आठवून पाहिलं. "होतं. वेणीही घातलेली होती."

"आयशीनं घातली असंल," गिरजा म्हणाली. "घालून घेतली ना पन." तिने कुडाची सुटलेली बांबूची कामटी ओढून बांधली, गाठ दोनदा मारली. "नसली बोलायची तर नको बोलू दे."